मंगळवारी, शनिवारात

नानासाहेब मास्तरांचं कार्ड आलं, तेव्हा गवराबाईंनी ते आधी कपाळाला लावलं, मग पदराने पुसलं आणि मग ते वाचणारं घरात कोण आहे याचा विचार केला. नवरा गेनबा ओट्यावरच बसला होता, पण त्याची आणि अक्षरांची ओळख नव्हती. सुदैवाने जावई बबनराव सुट्टीवर आले होते. ते पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागल्यापासून घरातले लोक अवघड गोष्टी त्यांनाच विचारत, आणि विचारलं की बबनरावांना उत्तर येतच असे.

नानासाहेब पूर्वी गावच्या शाळेत अकरा वर्षं मास्तर होते. बायको-मूल पुण्याला आणि गावात एकटा माणूस, म्हणून त्यांचं जेवण गवराबाईंकडे असे. मास्तरांना शिकवल्याशिवाय घास उतरत नसे. मुलं समोर नसली की ते गवराबाईंना शिकवत. भाकरी थापता थापता गवराबाईंनी त्यांच्या तोंडून सगळं पुणं ऐकलं होतं. पुणं गावापासून वीस-बावीस मैल, चाकणला एस.टी. मिळे, तरी त्यांचं जाणं झालं नव्हतं. बदली झाली त्या दिवशी मास्तर म्हणाले होते, "गवराबाई, पुणं तुम्हाला मी दाखवणार. दुसऱ्या कोणाबरोबर बघायचं नाही." गवराबाईंनी तो शब्द इतका पाळला, की नणंदेच्या मुलीचं लग्न पुण्यात झालं तेव्हाही त्या गेल्या नाहीत.

आता मास्तर सेवानिवृत्त होऊन पुण्यात राहत होते. बाहेरगावच्या पाहुण्यांना, एका वेळी एकाच कुटुंबाला, ते शहर हिंडवून दाखवत. बबनरावांनी कार्ड वाचलं.

"मंगळवारी सकाळी नऊ वाजता शनिवारात या. वाड्याच्या मोठ्या दरवाजापुढे मी उभा असेन. तिथून बुधवारात, मग शुक्रवारात आणि रविवारात फिरू. सदाशिवात जेवण. बुधवारी रात्री मी मुलाकडे नागपूरला कायमचा जातो आहे. म्हणून चुकू नये."

शेवटचं वाक्य ऐकून गवराबाईंनी हातातली परात खाली ठेवली. वीस वर्षं थांबलेलं पुणं आता एका दिवसावर आलं होतं.

पुण्यातल्या पेठांना वारांची नावं आहेत आणि तिथली माणसं "पेठ" हा शब्द म्हणायचा कंटाळा करतात, हे पुणेकराला सांगावं लागत नाही. पण चाकणच्या आसपासच्या गावांत "शनिवार" या शब्दालाही एक ठरलेला अर्थ होता. चाकणचा आठवडी बाजार शनिवारचा. त्यामुळे कोणी "बाजाराला जातो" म्हणत नसे, "शनिवारला जातो" म्हणे. बैल शनिवारात घेतलेला असे, सोयरीक शनिवारात जुळलेली असे आणि भांडणही शनिवारातच झालेलं असे.

"म्हंजी चाकणला बोलावलंय," गेनबा म्हणाला.

"पण मामा, मंगळवारी बाजार कुठला?" बबनरावांनी शंका काढली.

"म्हनून तर मंगळवार. शनवारी त्या गर्दीत मास्तर घावायचं कसं? शहाना मानूस हाय त्यो."

वाडा कोणता याबद्दल वादच नव्हता. बाजाराच्या मैदानाला लागून सोपानरावांचा वाडा होता आणि त्याला मोठा दरवाजा होता. राहता राहिले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. त्याचाही उलगडा बबनरावांनीच केला. ते त्या त्या वारी भरणारे वाटेवरचे बाजार. मास्तर आधी लहान गावं दाखवणार आणि मग पुणं. शाळेत नाही का, आधी बाराखडी आणि मग पुस्तक? सदाशिवात जेवण म्हणजे महादेवाच्या देवळात. तिथे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून गवराबाईंनी नारळ घेतला आणि प्रसाद पुरला नाही तर काय, म्हणून चौदा भाकरीही बांधल्या.

मंगळवारी साडेआठलाच गेनबा आणि गवराबाई सोपानरावांच्या दरवाजापुढे उभे राहिले. समोर बाजाराचं मैदान रिकामं होतं. एक शेळी केळीचं साल खात होती. नऊ वाजले, सव्वानऊ झाले. मग दरवाजातून स्वतः सोपानराव बाहेर आले. त्यांनी या दोघांकडे, गाठोड्याकडे आणि नारळाकडे बघून विचारलं, "बघायला आलात?"

"व्हय," गेनबा म्हणाला. "नऊची येळ दिल्ती."

सोपानरावांना त्यांच्या पुतण्याने सांगितलं होतं, की आज म्हैस बघायला कोणीतरी येणार आहे. गेनबाला वाटलं, मास्तरांना उशीर होणार असेल म्हणून त्यांनी आपल्या जागी हा माणूस नेमला. दोघांचाही गैरसमज इतका नेटका जुळला, की पुढचा पाऊण तास कोणालाच काही खटकलं नाही. सोपानरावांनी त्यांना वाडा दाखवला, आड दाखवला, कडब्याची गंज दाखवली. गवराबाई पदर सावरून, आवाज न करता, देवळात चालावं तशा चालत होत्या. शेवटी गोठा आला. सोपानरावांनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवून तिच्या आईची, आजीची आणि त्यांच्या दुधाची हकिकत सांगितली.

"पेशव्यांच्या येळंपास्नं हाय का ही?" गवराबाईंनी हळूच विचारलं.

सोपानराव जरा गोंधळले. तिसरं वेत आहे, म्हणाले. मग म्हणाले, "बोला. न्यायची का आजच?"

आता गोंधळायची पाळी गेनबाची होती. पुणं बघायला निघालेल्या माणसाने वाटेत म्हैस का घ्यावी, हे त्याला कळेना. त्याने कार्ड पुढे केलं. सोपानराव लहानपणी दोन वर्षं पुण्यात शिकायला होते. त्यांनी कार्ड एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, आणि मग ते म्हशीच्या गव्हाणीवर बसून इतके हसले, की म्हैस दचकून उठली. पण गवराबाईंचा चेहरा बघून त्यांचं हसू थांबलं. त्यांनी समजावून सांगितलं, की हा शनिवार म्हणजे पुण्यातली एक पेठ. वाडा म्हणजे पेशव्यांचा. आणि मास्तर तिथे नऊपासून उभे असणार.

"मंग ते बुधवारी जानार..." एवढंच गवराबाई म्हणाल्या.

सोपानरावांनी गाठोडं स्वतः उचललं आणि दोघांना पळवत नेऊन साडेदहाच्या एस.टी.त कोंबलं. कंडक्टरला बजावलं, की यांना पार वाड्यापर्यंतची वाट नीट सांगायची. गवराबाईंनी बाकाची कड दोन्ही हातांनी धरली होती. भोसरी गेली, दापोडीचा पूल गेला, खडकी गेली. त्या काही बघत नव्हत्या. मास्तरांशिवाय बघायचं नाही असं ठरलं होतं ना.

पण शनिवारवाडा असा न बघता येत नाही. बारा वाजायला आले होते. विचारत विचारत ते पटांगणात शिरले आणि गवराबाई जागीच थांबल्या. समोर दरवाजा होता. दोन्ही बाजूंना बुरूज, आणि दाराच्या फळ्यांवर हातभर लांबीचे लोखंडी खिळे. उन्हात त्यांच्या सावल्या खाली ओघळल्या होत्या.  मास्तर मात्र कुठे नव्हते.

दाराशी अंबुबाई नावाची एक बाई फुटाण्यांची पाटी घेऊन बसली होती. गेनबाने तिच्याकडे चौकशी केली.

"छत्रीवाले म्हातारे? अहो, नऊपासून उभे होते. अकराला गेले. बुधवारात, तुळशीबागेत बघतो म्हणाले, पाहुणी सरळ तिकडंच आली असतील म्हणाले." मग अंबुबाई पुढे सरकली. "पण जाता जाता मला सांगून गेले. हे खिळे का माहितीये? शत्रूचा हत्ती कपाळानं दार फोडायला यायचा, त्याच्या कपाळाच्या उंचीवर ठोकलेत. सहा वर्षं मी या दाराशी बसतीये, कधी मान वर केली नव्हती."

गवराबाईंनी दार हात लावून पाहिलं. मोठ्या दारातच एक लहान दार होतं, माणूस वाकून जाईल एवढं. त्या वाकून आत गेल्या, बाहेर आल्या, आणि पुन्हा एकदा आत गेल्या.

गेनबाने घाई केली. बुधवारात, तुळशीबागेत, ते पोचले तेव्हा मास्तर नुकतेच पुढे गेले होते. पण त्यांनी वाट बघता बघता एका कासाराला रामाच्या देवळाचा इतिहास सांगितला होता, आणि कासार तो सांगायला नुसता फुरफुरत होता. गवराबाईंच्या हातात बांगड्या भरता भरता त्याने सगळं सांगितलं. गवराबाईंनी मान मागे टाकून शिखर बघितलं. त्याच्या अंगावर एवढ्या मूर्ती होत्या, की बघता बघता पदर खांद्यावर आला, तरी शिखर संपलं नाही.

शुक्रवारात मंडई होती.  जन्मभर गेनबाने भाजी जमिनीवर गोणपाट टाकून विकलेली बघितली होती. इथे तिच्यासाठी दगडी इमारत होती, वर मनोरा होता, आणि खाली वांगी, गवार, मेथी पंगत बसावी तशी ओळीने मांडली होती. गेनबाने पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या.

"आवं, द्येऊळ न्हाई त्ये," गवराबाई म्हणाल्या.

"असू दे," गेनबा म्हणाला. "वांगी बघ की."

मंडईत मास्तर एका भाजीवालीला आठ बाजूंच्या इमारतीत हवा कशी खेळते ते समजावून गेले होते. रविवारात ते तांब्यापितळेच्या दुकानापुढे थांबले होते आणि दुकानदाराला घंगाळाचे प्रकार विचारून, मग त्यालाच शिकवून आणि आपल्या खोलीचा पत्ता सांगून, सदाशिवाकडे वळले होते. प्रत्येक ठिकाणी हे दोघे अर्ध्या तासाने मागे पडत. कारण सांगणारा माणूस मास्तरांचं ऐकून ताजा होता आणि अर्ध्यात थांबत नव्हता. गेनबाचे पाय भरून आले होते. गवराबाईंचे पाय मात्र जमिनीला लागत होते की नाही, शंकाच होती.

सदाशिवात मास्तरांची खोली सापडली तेव्हा साडेचार झाले होते. खोलीत बांधलेली ट्रंक होती, दोरीने आवळलेली वळकटी होती, आणि झाकून ठेवलेली दोन ताटं होती. मास्तर खुर्चीत बसले होते. गवराबाईंना बघून ते उठले.

"माझीच चूक," ते म्हणाले. "आयुष्यभर पोरांना सांगितलं, समोरच्याला कळेल असं लिहा. आणि मी 'पेठ' लिहायचं विसरलो. गवराबाई, तुमचं पुणं राहिलं."

"कुटं राह्यलं?" गवराबाई म्हणाल्या.

त्या भुईवर बसल्या आणि सांगायला लागल्या. भाकरी थापताना त्या ऐकत असत; आज मास्तर ऐकत होते. त्यांनी हत्तीचं कपाळ सांगितलं, शिखरावरच्या मूर्ती सांगितल्या, मंडईतला वारा सांगितला. मास्तर मान डोलावत होते. हे सगळं त्यांचंच होतं, चार तोंडांतून फिरून आलेलं. मग त्या म्हणाल्या, "आन् खिळं एका फळीवर बहात्तर हायती."

मास्तर थांबले. "किती?"

"भितीवर गवऱ्या थापल्यावानी हायती की. आडव्या नऊ, उभ्या आठ. म्या बोटानं मोजलं."

मास्तरांनी वर्षानुवर्षं ते दार लोकांना दाखवलं होतं. "पुष्कळ खिळे" असं ते सांगत. वर्गात कोणी "पुष्कळ" असं उत्तर दिलं असतं, तर त्यांनी त्याला बाकावर उभं केलं असतं.  त्यांनी उठून कोपऱ्यातली छत्री उचलली.

"शेवटची एस.टी. सातला आहे," ते म्हणाले. "दाखवता मला?"

गेनबाने दोन्ही पायांकडे बघितलं, कपाळाला हात लावला आणि वहाणा चढवल्या. ताटांतलं जेवण आणि चौदांतल्या काही भाकरी उभ्याउभ्याच संपवून तिघं निघाले.

उन्हं उतरली होती. वाड्याच्या दाराचा रंग बदलून मधासारखा झाला होता. गवराबाई दारापाशी उभ्या राहून, एकेका खिळ्याकडे बोट करून, सावकाश सांगत होत्या. मास्तर छत्री टेकून, मान वर करून बघत होते आणि मध्येच प्रश्न विचारत होते. बाहेरगावचं एक कुटुंब जवळून चाललं होतं, ते थांबलं. मग आणखी दोघं थांबले. घोळका जमला तरी गवराबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या आता लहान दारातून वाकून कसं जायचं ते दाखवत होत्या.

घोळक्यातल्या एका गृहस्थाने मास्तरांना हलकेच विचारलं, "या बाई कोण? पुण्याची माहिती फार दिसते."

"चाकणकडच्या आहेत," मास्तर पुटपुटले. "मध्ये बोलू नका. मलाही आजच बघायला मिळतंय."