सुटं काही नको

शनिवारी दुपारी जावईबापू गाडीच्या मागच्या सीटखाली डोकं घालून ओणवे झाले होते आणि मेहुणा बाहेर उभा राहून त्यांनी दिलेली एकेक वस्तू जमिनीवर मांडत होता. तीन छत्र्या, पाण्याच्या चार बाटल्या, हातोडी, वाळून खडा झालेलं लिंबू, सासऱ्यांची लोकरी टोपी आणि एक डावी चप्पल एवढं बाहेर आलं होतं. डिकी अजून उघडायची होती.

"तुम्ही गाडी चालवता की माळा?" मेहुण्यानं विचारलं.

"माळ्यावर जागा नाही म्हणून तर गाडीत आहे," जावईबापू आतून म्हणाले. "आणि ती चप्पल नीट ठेव. तुझी ताई तिला तीन वर्षं शोधतेय."

जावईबापू लिफ्ट तपासनीस होते. घरात सासरे त्यांना जावईबापू म्हणत, मग सगळी इमारत म्हणू लागली, आणि बायकोही रागात असली की तेच म्हणे. त्यांची बावीस वर्षं लिफ्ट तपासण्यात गेली होती. सरळ वर जायचं, सरळ खाली यायचं. नोकरीत वळण असं कधी आलंच नाही. गाडीचा काटा चाळीसच्या पुढे गेला की त्यांना अपराध्यासारखं वाटे. अशा माणसाला मेहुण्यानं ऑटोक्रॉसच्या नवशिक्यांच्या गटात नाव घालायला लावलं होतं. मोकळ्या मैदानावर नारिंगी शंकू मांडलेले असतात, त्यांच्यामधून एका वेळी एकच गाडी वळणं घेत काढायची आणि शर्यत फक्त घड्याळाशी. शंकू पाडला की दोन सेकंद दंड.

"रोजची साधी गाडी चालते," मेहुणा म्हणाला होता. त्याचं टायरचं दुकान होतं, त्यामुळे चाकं लागलेली कुठलीही गोष्ट त्याला सोपी वाटे. "फक्त स्टॉक पाहिजे. म्हणजे कंपनीतून आली तशी, काही बदल न केलेली."

त्या बाबतीत काळजीच नव्हती. गाडी सासऱ्यांची, म्हणजे बाबांची होती. बाबा जावयाकडेच राहत आणि गाडी वापरायला देताना त्यांनी एकच अट घातली होती, "तिला धसका बसेल असं काही करायचं नाही." सहा वर्षं झाली तरी सीटांवरचं प्लॅस्टिक त्यांनी काढू दिलं नव्हतं. इतकी स्टॉक गाडी मैदानावर दुसरी निघणार नव्हती. अडचण एवढीच, की बाबांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही. जावईबापू खोटं बोलत नसत, म्हणून त्यांनी घरी सांगितलं होतं, "उद्या सकाळी जरा हवा तपासून आणतो." हवा तपासायची होतीच.

"नियम आहे, भावजी," मेहुण्यानं आपल्याकडच्या पत्रकातली ओळ वाचून दाखवली. "गाडीत काहीही सुटं नको. वळणावर बाटली पायाखाली आली तर ब्रेकच लागायचा नाही." मग दोघांनी कोपरा न् कोपरा झाडला, मेहुण्याच्या दुकानातला व्हॅक्यूम फिरवला, चाकांचे नट आवळले. शेवटी मेहुण्यानं आपलं हेल्मेट जावईबापूंच्या डोक्यावर चढवलं. ते हनुवटीपर्यंत खाली आलं.

"हेही सुटंच आहे की," जावईबापूंचा आवाज आतून आला.

मेहुण्यानं ढिगाऱ्यातली लोकरी टोपी उचलली, घडी घालून हेल्मेटात वरच्या बाजूला कोंबली आणि म्हणाला, "झालं. आता उद्याच घाला." बाकीचं सामान दोन पिशव्यांत भरून घरात गेलं.

घरात बाबांची वेगळीच तयारी चालली होती. रविवारी साडेअकराला नातीच्या शाळेत कार्यक्रम होता आणि नऊ वर्षांची नात रंगमंचावर पहिल्यांदा एकटी बासरी वाजवणार होती. बाबांच्या कानांनी गेल्या काही वर्षांत हळूहळू अंग काढून घेतलं होतं, आणि त्यातही बारीक, उंच आवाज आधी गेले होते. नात दोन वर्षं घरात बासरी वाजवत होती आणि बाबांना फक्त तिचे फुगलेले गाल दिसत. आठ दिवसांपूर्वी त्यांनी एकदाचं यंत्र घेतलं. उजव्या कानामागे बसणारं, शेंगदाण्याएवढं. पण 'श्रवणयंत्र' हा शब्द त्यांना चालेना. "मी काय कारखाना आहे?" म्हणून घरात त्याला सगळे 'कानातलं' म्हणू लागले. नातीनं आजोबांना बजावलं होतं, "रविवारपर्यंत मी घरात वाजवणार नाही. तुम्ही एकदम तिथंच ऐकायचं." बाबा आठवडाभर दिवस मोजत होते.

रविवारी सकाळी दहाला मैदानावर जावईबापूंच्या गाडीच्या दोन्ही दारांवर चिकटपट्टीनं ४७ हा आकडा लावला गेला. तपासणीला एक बाई होत्या, कानावर पेन्सिल, हातात पाटी. त्यांनी चाकं हलवली, बॅटरी हलवली, सीट हलवली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लिफ्ट हलवून पाहिलेल्या जावईबापूंना आज कळलं की तपासनीस समोर उभा राहिला की न विचारताच कसे खुलासे द्यावेसे वाटतात.

"हेल्मेट घालून बसा. गाडी चालू करा," बाई म्हणाल्या.

जावईबापू बसले, हेल्मेट घातलं, किल्ली फिरवली. आणि कुठूनतरी बारीक शिट्टी सुरू झाली. कुंईंईं.

"इंजिनाचा बेल्ट वाजतोय," बाई म्हणाल्या.

जावईबापूंनी हेल्मेट काढलं, उतरले, बॉनेट उघडलं. तिघांनी आत कान घातले. इंजिन शहाण्यासारखं गुरगुरत होतं.

"थांबला," मेहुणा म्हणाला.

जावईबापू पुन्हा बसले, हेल्मेट घातलं. कुंईंईं. उतरले, शांतता. बाईंनी इंजिन बंद करायला लावलं. बंद इंजिनाच्या गाडीत जावईबापू हेल्मेट घालून बसले. कुंईंईं.

"इंजिन बंद आणि बेल्ट चालू?" बाईंनी पेन्सिल कानावरून काढली. मग मेहुणा जाऊन बसला. तो हेल्मेटशिवाय बसला आणि गाडी गप्प राहिली.

"भावजी, ही तुम्हालाच शिट्टी मारतेय," तो म्हणाला. "बाबांची गाडी आहे. तिला कळलंय."

जावईबापूंना हा प्रकार नवा नव्हता. तपासनीस आला की बरा होणारा बिघाड लिफ्टमध्येही असतो. पण तिथं ते बिघाड सापडेपर्यंत लिफ्ट बंद ठेवत आणि इथं मागे बारा गाड्या उभ्या होत्या. तेवढ्यात फोन वाजला. बायकोचा होता.

"अहो, बाबांचं कानातलं सापडत नाहीये. काल सकाळी वाचनालयातून गाडीनं निघाले तेव्हा होतं, घरी आल्यावर झोपले. काढून कुठं ठेवलं ते त्यांना आठवत नाही. त्या दोन्ही पिशव्या मी उपसल्या, त्यात नाही. गाडीत बघा ना!"

"गाडीत काही नाही गं. आम्ही सगळी झाडली. व्हॅक्यूमसुद्धा..." आणि जावईबापूंच्या तोंडचं पाणी पळालं.

"हवा तपासायला व्हॅक्यूम कशाला लागला?"

"मी बघतो," ते घाईनं म्हणाले. "तू बाबांना काही सांगू नकोस."

"सांगून ऐकू येणारेय का त्यांना? बसलेत नवा सदरा घालून. सारखे हात नेतायत कानाकडे. मला बघवत नाही हो."

जावईबापूंना ते दृश्य डोळ्यांसमोर दिसलं आणि फार वाईट वाटलं. दोन वर्षं फुगलेले गाल पाहणाऱ्या त्या म्हाताऱ्याला आज पहिल्यांदा सूर ऐकायचा होता, आणि आपण एका खुळासाठी तो सूर व्हॅक्यूमनं ओढून घेतला. मेहुण्यानं लगेच दुकानात फोन लावला. माणूस म्हणाला, व्हॅक्यूमची पिशवी उघडून पाहतो, वेळ लागेल. तोवर मेहुण्याला आणखी एक युक्ती सुचली. काल झाडताना राहिलं असेल आणि आज इथं दार उघडताना पडलं असेल. त्यानं सरळ ध्वनिक्षेपकावर घोषणा करवली, "सत्तेचाळीस नंबरच्या गाडीतल्या गृहस्थांचं कानातलं हरवलं आहे. कुणाला सापडल्यास आणून द्यावं."

मैदानावरची माणसं दयाळू होती. वीसएक जण खाली वाकून फिरू लागले. दहा मिनिटांत बाईंच्या पाटीवर दोन झुमके, एक मोत्याची कुडी आणि गाडीचा एक वॉशर जमा झाला.

"यातलं कुठलं?" बाईंनी विचारलं.

"यातलं नाही. ते बाबांचं आहे."

"बाबांचं." बाईंनी मोत्याची कुडी पुन्हा हातात घेतली. "बाबा दोन्ही कानांत घालतात?"

"नाही, उजव्याच."

"बरं, बरं," बाई समजूतदारपणे म्हणाल्या. "ज्याची त्याची आवड."

"बाई, त्याशिवाय त्यांना ऐकू येत नाही हो!" जावईबापू जवळजवळ रडकुंडीला आले. मग सगळा उलगडा झाला. बाईंनी कपाळावर हात मारला, झुमके परत करायला पाठवले आणि म्हणाल्या, "मग थांबलात कशाला? घरी जा, शोधा!"

पण जायचं कसं? मागे बारा गाड्या, दोन्ही बाजूंना कुंपण. बाहेर पडायचं दार शंकूंच्या पलीकडे, शेवटच्या रेषेनंतर होतं. घरी जायचा रस्ता शर्यतीतूनच जात होता.

बाईंनी गाडीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "सगळं घट्ट आहे. इंजिन बंद असताना वाजतं म्हणजे इंजिनाचं काही नाही. जा. पण हेल्मेट घालूनच."

कुंईंईं. जावईबापू सुटले. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुठंतरी वेळेत पोचायचं होतं. पहिलं वळण त्यांनी असं घेतलं की सीटांवरचं प्लॅस्टिक किंचाळलं. दुसऱ्या वळणावर शिट्टी उजवीकडून आली, तिसऱ्यावर डावीकडून. चौथ्यावर एक शंकू उडाला, सहाव्यावर दुसरा. त्यांचं लक्ष शंकूंकडे नव्हतंच. कानात शिट्टी, डोळ्यांसमोर व्हॅक्यूम आणि नव्या सदऱ्यातले बाबा. शेवटच्या रेषेवर त्यांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण हेल्मेट थांबलं नाही. ते नाकावर आलं, आतली लोकरी टोपी उलगडली आणि काहीतरी टप्पकन मांडीवर पडलं.

शेंगदाण्याएवढं. आणि पडताक्षणी शिट्टी बंद झाली.

जावईबापूंनी ते तळहातावर घेतलं. मूठ मिटली, कुंईं. उघडली, गप्प. पुन्हा मिटली, कुंईं. कशानं झाकलं गेलं की ते असं शिट्टी मारत होतं. बाबांनी काल गाडीत टोपी ओढून काढली होती आणि टोपीनं कानातलंही सोबत नेलं होतं. मग रात्रभर ते हेल्मेटात बसलं आणि सकाळी डोकं आत आलं की ओरडत होतं. जावईबापूंचा जीव असा भांड्यात पडला की त्यांना स्टिअरिंगवर डोकं टेकून क्षणभर नुसतं बसावंसं वाटलं. मागून मेहुणा धावत आला. "भावजी! चौपन्न सेकंद! अहो, आत्तापर्यंत नवशिक्यांत चौथे आहात!"

"सापडलं!" जावईबापू ओरडले आणि चौपन्न सेकंद काय ते न विचारता दाराकडे निघाले. रस्त्यावर पोचताच काटा पुन्हा चाळीसवर आणला.

शाळेच्या सभागृहात पोचले तेव्हा साडेअकराला चार मिनिटं कमी होती. बायको दारातच उभी होती. तिनं ते घेतलं, पुसलं आणि बाबांच्या कानामागे बसवलं. पडदा वर गेला. नातीनं बासरी ओठांना लावली, आजोबांकडे पाहिलं आणि पहिला सूर काढला. बाबांचं तोंड किंचित उघडं राहिलं. त्यांनी शेजारच्या जावयाचा हात पकडला आणि गाणं संपेपर्यंत सोडला नाही. मधे एकदा एक सूर चुकला, तेव्हा बाबांच्या बोटांनी किंचित दाब दिला. त्यांना चूकसुद्धा ऐकू आली होती. जावईबापूंना एवढं सुटल्यासारखं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर सगळे गाडीपाशी आले. बाबा दाराजवळ थांबले. दारावर ४७ हा आकडा ठळक दिसत होता.

"जावईबापू," बाबा म्हणाले, "किती शंकू पाडलेत?"

जावईबापूंनी आ वासला. बायको आकड्याकडे आणि नवऱ्याकडे आळीपाळीनं बघू लागली.

"मी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली," बाबा शांतपणे म्हणाले. "मला ऐकू कमी येतं, दिसतं व्यवस्थित. तुमचं ते नियमपत्रक बुधवारपासून माझ्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात पडलंय. अकरा चुका होत्या. लाल पेन्सिलीनं दुरुस्त करून ठेवलंय."

"दोन पाडले, बाबा," जावईबापू खालच्या मानेनं म्हणाले.

"म्हणजे चार सेकंद गेले. हं." बाबांनी गाडीला एक फेरी मारली, चारही चाकं पाहिली, बंपरवर लागलेला नारिंगी रंग रुमालानं पुसला. "धसका बसलेला दिसत नाही. पुढची शर्यत कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात. का?"

"मी मागे बसेन."

"बाबा, तसं चालत नाही. गाडीत काही सुटं नको, असा नियम आहे."

"वाचलाय मी. 'सुटं'चा 'सु' त्यांनी दीर्घ काढलाय," बाबा म्हणाले. मग ते मागच्या सीटवर बसले, पट्टा लावला, ओढून पाहिला आणि पुढच्या सीटवर पडलेल्या आपल्या टोपीसाठी हात पुढे केला.