चंद्रीच्या जागी आलेली

घोडी आली. हेमकांत आला नाही.

ममता चुलीपुढून उठून बाहेर आली, तर घोडी आपली आपण गोठ्यात शिरून दावणीशी उभी होती. खोगीर फिरून पोटाखाली गेलेलं, लगाम मातीत लोळतोय, आणि रिकिबीत नवऱ्याची एक चप्पल अडकलेली.

“आत्या, घोडी उनी वं!”

“आनि तो?” खाटेवरून सासूबाई धनुबाईंनी विचारलं.

“चप्पल उनी शे.”

“एक का दोन?”

“एकच.”

“मंग येई. दुसरी पायमा शे, म्हंजे पाय बी शे.”

भाकरी गार झाल्यावर हेमकांत आला. कोपर खरचटलेलं, केसांत पपईचं पान, एक पाय अनवाणी.

“आज कसाले बिचकनी?” ममताने विचारलं.

“कापडले.”

“काल ट्रॉलीले बिचकनी व्हती.”

“काल ट्रॉलीले. आज कापडले. परवा ते कसालेच नही.” एवढं बोलून तो चप्पल सोडवायला गेला. घोडी त्या चपलेलाही बिचकली.

ब्राह्मणपुरीच्या शिवारात पपईच्या कोवळ्या रोपांवर पांढरं कापड घालतात. वारा सुटला की ओळीच्या ओळी फडफडतात आणि अख्खं शिवार उडून जाणार असं वाटतं. माणसांना सवय आहे. घोडीला नव्हती, असं म्हणावं, तर पहिला आठवडा तीच घोडी त्याच कापडाशेजारून शहाण्या सुनेसारखी गेली होती.

*

पहिला आठवडा असा होता.

सारंगखेड्याच्या यात्रेत हेमकांतने ही घोडी पसंत केली. विकणारा फुलसिंग, पुरुषोत्तमनगरच्या रस्त्याला त्याचा घोड्यांचा वाडा. त्याने आठवडाभरापुरतं आपलं खोगीर वापरायला दिलं. “जमनं नही ते परत लई या,” असंही म्हणाला. आठवड्याने तो खोगीर घेऊन गेला. मग हेमकांतने माळ्यावरून चंद्रीचं सामान काढलं. चंद्रीचं खोगीर, चंद्रीची झूल, चंद्रीची घुंगरमाळ. नावही चंद्रीच. या घोडीला आधीचं काही नाव असेल, असं कोणाच्या मनातही आलं नाही.

त्याच दिवसापासून ती बिचकू लागली. गोष्ट इतकी डोळ्यांसमोर होती की कोणालाच दिसली नाही.

*

चंद्री म्हणजे आधीची घोडी. म्हातारी होऊन गेली. तिच्या आधी फुलवंताबाई गेली होती, हेमकांतची पहिली बायको. ती म्हातारी होऊन गेली नाही.

बायकोसाठी पुरुषाने फार रडायचं नसतं. तेराव्यानंतर तर नाहीच. घोडीसाठी मात्र कितीही दिवस रडलं तरी गाव काही म्हणत नाही. हेमकांत चंद्रीसाठी फार रडला. तेव्हा ममता नवी लग्न होऊन आलेली. गोठ्यातून हुंदके ऐकू यायचे आणि ती इकडे भांडी घासत राहायची. त्या रडण्यात घोडीचा वाटा किती आणि कोणाचा किती, हे तिने कधी विचारलं नाही.

ममता कोरीटची. तिचंही हे दुसरं लग्न. पहिल्या घराने तिला वर्षाच्या आत परत पाठवलं होतं. इथे आली तेव्हा धनुबाईंनी तिच्या गळ्यात फुलवंताचा टाक घातला: चांदीचा चिमुकला पत्रा, त्यावर बाईचा ठसा. दुसरीने पहिलीला असं गळ्यात वागवलं की पहिली त्रास देत नाही, अशी रीत. मग फुलवंताच्या साड्या आल्या, फुलवंताच्या बांगड्या आल्या. बांगड्या मोठ्या होत्या. भाकरी थापताना कोपरापर्यंत जायच्या.

*

“परत करी दिऊत,” चपलेच्या दिवशी जेवताना हेमकांत म्हणाला.

ममताचा वाढता हात थांबला.

“कोनले?”

“घोडीले. आखो कोनले?”

“नका करू. ऱ्हाऊ द्या. नवं शे तिले सर्व.”

“दोन महिना व्हयनात.”

“मले दोन वरीस व्हयनात,” ममता म्हणाली आणि पटकन पुढे म्हणाली, “वरण वाढू का?”

परत गेलेल्या घोडीचं काय होतं ते तिला माहीत नव्हतं. परत गेलेल्या बाईचं माहीत होतं. ही घोडी या घरात टिकली पाहिजे, एवढं तिने त्या ताटावर ठरवलं. का, ते स्वतःलाही सांगितलं नाही.

*

उपाय पहिला.

शेजारचे सुपडू आप्पा म्हणाले, “कानमा कापूस घाल रे भो. आयकू नही येवाव तं बिचकी कशी?”

कापूस घातला. घोडीला ऐकू येईनासं झालं. त्यामुळे मागून येणारी मोटारसायकल तिच्यासाठी थेट आकाशातून पडली. हेमकांत बाभळीत.

उपाय तिसरा.

(दुसऱ्याविषयी बोलायचं नाही असं घरात ठरलं आहे. त्यात मिरचीची धुरी होती. घोडीला काही झालं नाही. धनुबाईंचा खोकला अजून आहे.)

तिसरा धनुबाईंचाच. खोकता खोकता त्यांना एकदम उमगलं.

“चंद्री छळी ऱ्हायनी तिले! सवत शे ना! पहिलीले मान दिधाबिगर दुसरी नांदस का? हाई आपली ममता देख. टाक घाला, गप बठनी.”

गप बसले हे खरं, असं ममताच्या मनात आलं.

“मंग घोडीले बी टाक करूत,” धनुबाई म्हणाल्या.

“घोडीना टाक?” हेमकांत म्हणाला. पण त्याचा आवाज मऊ झाला होता. चंद्रीचा चांदीत ठसा. ती कल्पना त्याला फार आवडली, आणि तिथेच सगळं बिघडलं.

*

शहाद्याला जेठमल शेठ पिढीजात चांदीवाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“आजी, देवांचे टाक आहेत. पितरांचे आहेत. नागोबा आहे. घोडीचा टाक आमच्या दुकानात कोणी मागितला नाही.”

“घोडा ते व्हई ना कोनता तरी?”

“हा बघा खंडोबा. घोडा एकदम तयार. फक्त वर देव बसलेत.”

“मंग?”

“मग काय, तुम्हाला देव नको, खाली घोडा हवा.”

“देवले खाले उतार म्हनी ऱ्हायना का तू?”

“मी कशाला म्हणू, आजी? गिऱ्हाईक तुम्ही!”

शेवटी देवाला हात न लावता शेठने नवा पत्रा घेऊन नवा ठसा ठोकला. घोडी झकास उठली. खोगीर घातलेली, मान वर, पाय उचललेला. वर कोणी नाही.

*

टाकाची पूजा झाली. नैवेद्याचा शिरा घोडीने खाल्ला, हळदकुंकवाला बिचकली, आणि टाक तिच्या गळ्यात, घुंगरमाळेच्या खाली बांधला गेला. गल्लीत माणसं जमली. हेमकांत बसला. “चाल, चंद्री,” म्हणाला.

पाचव्या का सहाव्या पावलावर ऊन त्या चांदीवर पडलं. घोडीला आपल्याच गळ्याखाली काहीतरी चमकलेलं दिसलं. ती दचकली, टाक उडाला, घुंगरांवर आपटून वाजला. ती आणखी दचकली. कापडापासून पळता येतं, ट्रॉलीपासून पळता येतं. गळ्यातल्या वस्तूपासून पळून जायचं कुठे? घोडीने तरी प्रयत्न केला. गावाबाहेर, पाटचारी ओलांडून, पपईच्या दोन ओळींमधून ती सुटली. फाटक्या कापडाचा एक पट्टा तिच्या शेपटीला लागला आणि आता तो तिच्या पाठलागावर होता.

दारात उभ्या ममताचा हात नकळत स्वतःच्या गळ्याकडे गेला.

हेमकांत चारीत सापडला. पाय घोट्यापाशी भोपळ्यासारखा सुजलेला. सुपडू आप्पांनी त्याला पाठुंगळी आणलं आणि वाटेत समजूतही घातली. “टाकवर काय व्हतं? खोगीर शे अन् वर कोनी नही. घोडीनी तसंच करी दखाडं ना भो! तिनी काय चूक?”

“सकाळी परत,” हेमकांत दात खाऊन म्हणाला. “आते बोलानं नही कोनी.”

रात्री घोडी आपली आपण गोठ्यात परतली, तेव्हा ममताने तिचं खोगीर तेवढं उतरवलं, बाकी सगळं तसंच राहू दिलं.

*

हेमकांतला चालता येईना. तो आप्पांच्या मोटारसायकलवर पुढे गेला. कालच्या पळापळीनंतर घोडी ममतालाच तेवढी जवळ येऊ देत होती, म्हणून दोर ममताच्या हातात.

रस्ता. दोन्हीकडे ऊस.

उसानंतर पपई.

पपईवर कापड.

घोडी थांबली. कान ताठ, अंगाला कापरं. ममताने दोर ओढला नाही. तिलाही पुढे जायची घाई नव्हती. ती मोरीच्या कठड्यावर बसली.

“थांब. मले बी नही जानं,” ती म्हणाली. “परत गयी का काय व्हस, सांगू तुले? मी गयी ना माहेरले, माय दारमाच उभी व्हती. तिनी मन्हाकडे देखंच नही पहिले. मन्हा मांगे देखं. सोडाले कोनी उना का म्हनी. कोनीच नही व्हतं.”

घोडी थरथरत होती आणि प्रत्येक थरथरीसरशी घुंगरं वाजत होती. घुंगरं वाजली की ती जास्त थरथरत होती. ममता ऐकत राहिली. मग उठून तिने घुंगरमाळ सोडली.

शांत.

झूल काढली. झुलीखाली दुसऱ्या घोडीच्या घामाचा जुना वास होता, तो तिलाही आला. टाक काढला. सगळं पिशवीत घातलं.

घोडीने लांब श्वास सोडला आणि मान खाली घालून कडेचं गवत तोडलं.

मग ममताने स्वतःच्या गळ्यात हात घातला.

*

फुलसिंगच्या वाड्यासमोर कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. हॉर्न, गाणी, धूर. त्या रांगेमधून ममता चालत आली आणि तिच्या मागे घोडी, डोळे अर्धे मिटून.

“हाई बिचकस?” फुलसिंग म्हणाला. “हाई ते मेंढीनी गत चाली ऱ्हायनी. वहिनी, परत उनेल घोडीले बजारमा कोनी हात लावत नही. सर्वा इचारतस, खोड काय शे? मी काय सांगू?”

“खोड नही शे, म्हनी सांगा.”

खाटेवर पाय पसरून बसलेला हेमकांत उघड्या पाठीच्या घोडीकडे बघत होता.

“टाक कोठे शे?” त्याने विचारलं.

“कोनता?”

त्याने वर पाहिलं. ममताच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. शेजारची चिमुकली बाई नव्हती. सुपडू आप्पांनी तोंड उघडलं आणि, गावाच्या आठवणीत पहिल्यांदाच, काही न बोलता मिटलं.

“पिशवीमा शेत दोन्ही,” ममता म्हणाली. “फेकेल नहीत. आमले दोन्हीसले जड व्हयनात.”

ती थांबली. आता तो काय म्हणेल ते म्हणो. दोर तिने घट्ट धरला होता. परत जायचंच तर दोघी जाऊ, असाही एक विचार येऊन गेला.

हेमकांतने पिशवी ओढली. हात घातला तर आधी घोडी निघाली. ती त्याने बाजूला ठेवली. मग बाई निघाली. ती मुठीत धरून तो बसला, आणि त्याचे खांदे हलायला लागले. या वेळी घोडीचं निमित्त नव्हतं. घोडी समोर धडधाकट उभी होती.

“फुलवंता,” तो म्हणाला. एकदाच. अगदी हळू.

फुलसिंग वाकून घोडीचा खूर बघू लागला. आप्पा मोटारसायकलची हवा दाबून पाहू लागले, आधी पुढच्या चाकाची, मग मागच्या, मग पुन्हा पुढच्या. ममता उभी राहिली. नवरा रडताना इतक्या जवळ उभं राहायला तिला पहिल्यांदाच मिळालं होतं.

बऱ्याच वेळाने हेमकांतने नाक पुसलं. “परत नही करनी,” तो म्हणाला.

*

फुलसिंगने आपलं खोगीर घातलं आणि दोघांनी धरून हेमकांतला वर बसवलं. घोडी हलेना.

“चं...” म्हणून हेमकांत थांबला. ते नाव आता येईना. दुसरं कुठलं त्याच्याजवळ नव्हतं. त्याने टाच लावली, जीभ वाजवली. घोडी ममताकडे बघत उभी.

चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं नसतं. आजवर तो तिला “ए” म्हणत आला होता, फार तर “आयकं का”. त्याने आजूबाजूला पाहिलं, घसा खाकरला.

“ममता... चाल.”

ममता चालू लागली. घोडी चालू लागली.

ट्रॉली आली. “ममता, थांब.” दोघी थांबल्या. “ममता, चाल.” दोघी निघाल्या. ऊसतोडीचे दिवस, रस्ताभर ट्रॉल्या. ब्राह्मणपुरी येईपर्यंत त्याने ते नाव दोन वर्षांची बाकी फेडल्यासारखं घेतलं.

घरी पोचल्यावर फुलवंताचा टाक त्याने स्वतः देवघरात ठेवला. पाय बरा झाला. घोडी कापडाला बिचकत नाही, ट्रॉलीला बिचकत नाही. फक्त एक झालं. त्या दिवसापासून ते नाव तिने आपलं धरलं. राणी म्हणून पाहिलं, तुळजा म्हणून पाहिलं, शिट्टी घातली. पाऊल उचलत नाही. तिला एकच हाक लागू पडते.

त्यामुळे आता हेमकांत गावातून निघाला की पारापासून पाटचारीपर्यंत “ममता, चाल! ममता, सरक! ममता माय, चाल ना वं!” असा गजर चालतो. पारावरची माणसं पोट धरून हसतात. धनुबाई खाटेवरून खोकतात, “नाव तरी धीरे ले रे!”

ममता अंगणात कपडे वाळत घालत असते. हाक घोडीला असते, हे तिला माहीत आहे. तरी ती दर वेळी ओ देते. एखादी हाक तिला असली तर चुकायला नको.