पौनीकरकाकांची वाढलेली साखर

हुडकेश्वरला आमच्या शेजारी राहणारे पौनीकरकाका सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटरवर बसतात आणि तब्येत दाखवायला जातात. तब्येतीला काहीही झालेलं नसतं. एका आठवड्यात रक्तदाब, दुसऱ्यात डोळे, तिसऱ्यात छातीचा एक्स-रे. परवा कान तपासून आले आणि मी विचारायच्या आत "एकदम फस्ट क्लास निघाले" असं सांगून मोकळे झाले.

याचं मूळ एका ॲपमध्ये आहे. शहरातल्या काही दवाखान्यांनी मिळून आपल्या रुग्णांच्या नोंदी ब्लॉकचेनवर जोडल्या. सदर भागातल्या डॉक्टरांनी काढलेला रिपोर्ट हिंगण्याच्या डॉक्टरांना दिसतो, फक्त रुग्णाने मोबाइलवर परवानगी द्यायची. हिंगण्याच्या कारखान्यात जन्मभर माल तपासून पास-नापास केलेल्या काकांना ही कल्पना इतकी आवडली, की ती त्यांनीच काढली असावी असं वाटावं. पानठेल्यावर ते ती सगळ्यांना समजावून सांगतात.

"हे पाय गा, आपल्या गल्लीत कोणाकडं पाहुणे आले, त एकाच घराले मालूम असते काय? साऱ्या घराईले असते. मंग उद्या त्यानं म्हटलं का आलेच नव्हते, त कोण आयकन? तशीच हे साखळी. खोडता येत नाई. चढलं म्हणजे चढलं."

'चढलं म्हणजे चढलं' हे त्यांचं पालुपद. भाजीवालीने भाव कमी केला तरी तेच, माझ्या बायकोने जेवायला बोलावलं तरी तेच.

पण खरी गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. काकांची एकुलती एक मुलगी, रश्मी, पुण्यात डॉक्टर आहे. तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, काका लग्नाला गेले नाहीत, आणि तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. काकू हयात असत्या तर एवढं ताणलं गेलं नसतं. ॲपमध्ये घरच्या एका माणसाला नोंदी बघायची परवानगी देता येते. काकांनी तिथे रश्मीचं नाव टाकलं आणि तिने ते स्वीकारलं. आता काकांचा रिपोर्ट चढला, की संध्याकाळपर्यंत मेसेज येतो : 'रश्मी यांनी आपली नोंद पाहिली.' काका तो कोणाला दाखवत नाहीत, पण त्या दिवशी पानठेल्यावर सगळ्यांना चहा त्यांच्याकडून असतो.

मग कॉलनीत तपासणी शिबिर लागलं. ॲपवाल्यांनाच फुकट. माझं ॲप काही केल्या उघडेना, तेव्हा काकांनी स्वतःच्या ॲपमधला कोड उघडून मोबाइल पुढे केला.

"माह्या कोडवर काढ ना गा. रक्तच त आहे."

शेजाऱ्याने शिडी मागितली की शिडी द्यावी, तसा त्यांनी कोड दिला. मीही तसाच घेतला. माझी साखर तीनशेच्या वर निघाली आणि काकांच्या नावावर चढली.

संध्याकाळी मेसेज आलाच नाही. फोन आला, खुद्द रश्मीचा. "बाबा, आजपासून गोड बंद," एवढं बोलून तिने ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मग रोजच येऊ लागला : जेवले काय, फिरायला गेले काय, भात किती खाल्ला.

मी म्हणालो, दवाखान्यात सांगून दुरुस्ती करून घेऊ. जुनी नोंद खोडता येत नाही, पण तिच्याखाली खुलासा चढवता येतो. अर्थात तोही रश्मीला दिसणार होता.

"थांब ना गा," काका म्हणाले. "तुले काय घाई आहे?"

"काका, साखर माही आहे. उद्या तुमी बेशुद्ध पडले, त डॉक्टर माहं औषध तुमाले देईन."

"मी काही पडून नाई राहिलो."

मी माझ्या गोळ्या वेगळ्या सुरू केल्या. पथ्य मात्र काकांनी धरलं. संत्रा बर्फीवर जीव टाकणारा हा माणूस माझ्या मुलाच्या वाढदिवसाला केकला शिवला नाही. "पोरीले शब्द देल्ला हाये," म्हणाले. मला हसू येत होतं आणि गलबलूनही येत होतं.

शेवटी दवाखान्यातून काकांना निरोप आला, गोळ्या सुरू करायला या. आता हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. काका स्वतःच उठले. "चाल, चढवून टाकू."

खुलासा चढवून आम्ही परतलो आणि त्यांच्या व्हरांड्यात बसलो. मोबाइल समोर स्टुलावर.

"आता नाई करन ते फोन," काका म्हणाले. "आजारी बापाले करत होती. मी त आजारीच नाई."

थोड्या वेळाने फोन वाजला. काका सवयीप्रमाणे स्पीकरवर बोलले.

"बेटा, चुकलं माहं. ते साखर बाजूच्याची होती."

"मले पहिल्याच दिवशी समजलं, बाबा. मागच्या महिन्यात तुमची नॉर्मल होती. इतक्यात तीनशे होते काय?"

काकांनी मोबाइल स्टुलावरून उचलला. "मंग रोज फोन काहून करत होती वं?"

"तुम्ही काहून गोड सोडलं होतं?"

काकांनी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. मी उठून घरी आलो.