हंबीररावांनी नळी पक्की बसवली

ज्या माणसानं इटलीतल्या नदीवर गोळ्या चुकवत पूल उभा केला, त्याला परसातल्या नळाला रबराची नळी बसवायला कितीसा वेळ लागणार? हा प्रश्न हवालदार हंबीररावांनी स्वतःच विचारला आणि उत्तरही स्वतःच दिलं, "चा निवायच्या आत."

चहाची कपबशी साळूबाईंच्या हातात होती. ती त्यांनी जरा आपटूनच ठेवली.

लढाई संपून साताऱ्याला परतल्यावर हंबीररावांनी घरामागं वांग्यांचे वाफे केले होते. वाफे त्यांचे, पाणी मात्र साळूबाईंचं. नळ परसाच्या एका टोकाला, वांगी दुसऱ्या टोकाला आणि मधे हंडा कमरेवर घेऊन बायको. हवालदार बांधावर उभे राहून सूचना द्यायचे.

"कंबरंचा पार काटा ढिला झाला माजा," साळूबाई म्हणाल्या. "दसऱ्याला आबा न्यायला येत्यात. त्या दिशी नळी लागली तर ऱ्हाते. न्हाई लागली तर दिवाळी म्हायेरी, वडूजला. मग घाला तुमीच पानी आन् थापा तुमीच भाकरी."

हंबीरराव हसले, पण दसऱ्यापर्यंतचे दिवस त्यांनी बोटांवर मोजून पाहिले. माणूस पलटणीच्या लंगरातली पातळ डाळ खाऊन आलेला. परदेशात तंबूत पडल्या पडल्या त्यांना आठवायची ती भाकरी, आणि खरं सांगायचं तर भाकरीपेक्षाही ती थापताना चाललेली साळूबाईंची बडबड. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. साळूबाईंना तर नाहीच नाही.

ते पुण्याला गेले आणि मिलिटरीच्या लिलावातून जाडजूड काळी नळी घेऊन आले. घरी पोचले तो दिवस नेमका खंडेनवमीचा. त्या दिवशी हत्यार पुजायचं असतं, वापरायचं नसतं. कोयता, कुदळ, पक्कड पाटावर बसली आणि शेजारी वेटोळं घालून नळी. आता हत्यार म्हटलं की हंबीररावांना रायफल आठवायची, आणि रायफल म्हटली की तेल. त्यांनी नळीच्या तोंडात बोट घालून आतून करडईचं तेल चोळलं. मग वाटलं, नळानं तरी काय घोडं मारलंय? त्याच्याही तोंडाला भरपूर चोळलं. वरून हळदकुंकू आणि झेंडूची माळ. नळ इतका देखणा पूर्वी कधी दिसला नव्हता.

दसऱ्याच्या सकाळी सासरे कोंडीबा नवा कोरा फेटा बांधून हजर झाले. साळूबाईंचं बोचकं उंबऱ्याजवळ तयार होतं. मोटार दुपारची.

नळ खाकरला. पाणी आलं की ते थोडाच वेळ टिके, म्हणून हंबीररावांनी घाईनं नळी नळाच्या तोंडावर चढवली. अशी अलगद चढली की त्यांनी मिशीवरून हात फिरवला. वरून सुतळीचे वेढे दिले आणि हुकूम सोडला, "साळू, खोल!"

साळूबाईंनी चावी फिरवली. नळी फुगली, क्षणभर विचार केला आणि सुतळीसकट निसटली. पाण्याचा फवारा थेट सासऱ्यांच्या नव्या फेट्यावर.

दुसरा एखादा सासरा संतापला असता. पण कोंडीबा वडूजच्या कोरडवाहू मुलखातले. फेट्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. "आवं, पानी वाया चाललंय की," म्हणत त्यांनी हातात सापडली ती कळशी फवाऱ्याखाली धरली.

"सुतळीचं काम न्हवं हे, मामा," हंबीरराव म्हणाले. "तार पायजे."

तार आणली. पक्कडीनं पिळून पिळून आवळली. कोंडीबा कळशी घेऊन सावध उभे राहिले. या खेपेला नळी जास्त वेळ टिकली, म्हणजे जास्त फुगली आणि जास्त जोरात निसटली. साळूबाई चावीकडं धावल्या, पण तोवर पाणी उसळून कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडं गेलं. तिकडं गंगाधरपंत कारकुनांची सायकल झेंडूची माळ घालून उभी होती.

भिंतीवर पंतांचं डोकं उगवलं. "हवालदार, सायकलची काल फक्त पूजा झालीय. आमच्यात लगेच विसर्जन करत नाहीत."

कोंडीबा उन्हाकडं बघत म्हणाले, "साळू, मोटारीचं बघाया पायजे."

हंबीररावांनी उंबऱ्याजवळच्या बोचक्याकडं पाहिलं. नदीवर गोळ्या सुटत होत्या तेव्हाही त्यांनी हातातलं काम सोडलं नव्हतं. आता त्यांनी पक्कड खाली ठेवली. "साळू," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तू गेलीस तर घर खायाला उठंल मला."

साळूबाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असलं वाक्य या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. त्या नळापाशी बसल्या आणि त्याच्या तोंडावरून बोट फिरवलं. बोट सर्रकन घसरलं.

"ह्याला त्याल कुनी लावलं?"

"रायफलीला लावत्यात की," हंबीरराव पुटपुटले.

"रायफल काय नळावर चढवायची हुती?"

मग मात्र दोघं जोडीनं कामाला लागली. साळूबाईंनी चुलीतली राख आणि शिकेकाईचं पाणी आणून नळ आणि नळी न्हाऊ घातली. बंबातल्या कढत पाण्यात बुडवून हंबीररावांनी नळीचं तोंड मऊ केलं. कोंडीबांनी भिजलेल्या फेट्याची चिंधी फाडून दिली, ती नळाला गुंडाळली, त्यावर नळी रेटून बसवली आणि तारेत खिळा अडकवून असे पीळ घातले, की पूल बांधतानाही घातले नसतील.

"खोल."

नळी फुगली, अंग झाडलं आणि गप्प झाली. परसाच्या त्या टोकाला वांग्यांत पाणी खळखळायला लागलं. कोंडीबांनी नळीला लोंबकळून पाहिलं. "बैल जुपलं तरी निघायची न्हाई," त्यांनी निकाल दिला. हंबीररावांनी नळाला कडक सलाम ठोकला. भिंतीपलीकडून पंतांनी सायकलची घंटी वाजवली. साळूबाईंनी बोचकं सोडलं.

आणि मग त्यांनी विचारलं, "घरातलं पानी आता कुटनं भरू?"

नळाचं तोंड तर नळीनं गिळलं होतं. हंबीररावांनी ओढून पाहिलं, पक्कड लावून पाहिली. ढिम्म. साळूबाईंनी क्षणभर विचार केला, वांग्यांतलं नळीचं टोक उचललं आणि सरळ सैपाकघरात नेलं. हंडे भरले, माठ भरला, बंब भरला, न्हाणीतला हौद भरला. तेवढ्यात नळाचं पाणी गेलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

दिवाळीला कोंडीबा पुन्हा आले, तेव्हा हौदातलं पाणी दोन बादल्यांत घेऊन जावई ताठ मानेनं वांग्यांकडं निघाले होते. घरातून साळूबाईंची बडबड ऐकू येत होती.

"काय पावनं," कोंडीबांनी विचारलं, "नळी निसटली व्हय?"

"निसटंल कशी?" हंबीरराव बादल्या न टेकवता म्हणाले. "मी बसवलीया."