हिमआजोबांचे पट्टे

एका जंगलात, बाळांनो, थंडी फार पडायची आणि समित्याही फार नेमल्या जायच्या. थंडी उन्हाळ्यात तरी जायची.

त्या जंगलात साळूबाई नावाची एक साळिंदरीण राहायची. चित्रं काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आपल्याच अंगावरचा गळून पडलेला काटा घ्यायची, गेरूत नाहीतर कोळशात बुडवायची आणि दगडावर असा काही ससा काढायची, की खरा ससा येऊन त्याला रामराम घालायचा.

साळूबाईंना एकच मुलगी होती. तिचं नाव सुई. त्या वर्षी सुईला थंडी बाधली. रात्रंदिवस कुडकुडायची आणि खोकायची. पांघरूण घातलं की काट्यांनी टराटरा फाटायचं. आईने कुशीत घ्यावं, तर दोघींनाही टोचायचं. हसू नका रे! लेकरू थंडीने काकडतंय आणि आईला जवळ घेता येत नाही, यात हसण्यासारखं काय आहे?

तेवढ्यात उत्तरेकडून चक्रवाक पक्षी आला. तो दर हिवाळ्यात यायचा. तो म्हणाला, "साळूबाई, आमच्या बर्फाच्या मुलखात एक हिमआजोबा असतात. उंचेपुरे. घोट्यापर्यंत निळा अंगरखा, कमरेपर्यंत पांढरी दाढी. हातात काठी, पाठीवर पोतं. सोबत त्यांची नात. ज्याला जे हवं ते पोत्यातून काढून देतात. तुम्हाला काय हवंय सांगा, मी निरोप धाडतो."

साळूबाई म्हणाल्या, "मला मेलीला काही नको. सुईला एक गोधडी हवी. पण भोकाभोकांची. काटे बाहेर आले पाहिजेत आणि ऊब आत राहिली पाहिजे."

निरोप गेला. आजोबा येतो म्हणाले.

पण त्या जंगलाची एक रीत होती. मागे एकदा एक लांडगा 'मी तुमचा मामा' म्हणत आत शिरला होता. तेव्हापासून बाहेरचा कुणीही येणार असला, की आधी त्याचं चित्र वेशीवरच्या शिळेवर काढायचं. येणारा चित्राबरहुकूम असला तर आत, नसला तर बाहेर. चित्र मंजूर करायला समिती होती. अध्यक्ष कोल्हा. सदस्य गवा आणि ससा.

साळूबाईंनी चक्रवाकाला समोर बसवून, विचारून विचारून चित्र काढलं. आजोबा कसे गुबगुबीत, नाक लालबुंद, डोळे मिचकावलेले. सुई ते बघून खोकता खोकता हसली. मग समिती आली.

गवा म्हणाला, "काठी नको. काठी दिसली की आमची पोरं बिथरतात."

ससा म्हणाला, "पोतं तर अजिबात नको. आमचे थोरले काका पोत्यातूनच गेले."

"अहो, पण भेटी त्यातच असतात!" साळूबाई म्हणाल्या.

"असतील. पण काका परत आले नाहीत."

कोल्हा म्हणाला, "नात कशाला? उद्या लोक घराणेशाही म्हणतील. आणि हे बघा, आपल्या वाघमहाराजांना दाढी नाही. मग पाहुण्याला कशी शोभेल? मिशा द्या. अंगरख्यावर पट्टे द्या. पट्टे नसले तर थोर कोण आणि फालतू कोण, हे रयतेला कळायचं कसं?"

साळूबाई काटा टाकून उठल्याच होत्या. पण शेजारी लेक खोकत होती. चित्र मंजूर झालं नाही तर पाहुणा नाही, पाहुणा नाही तर गोधडी नाही. चित्र जाऊ दे चुलीत, आजोबा तर येतील, असं म्हणत त्यांनी एकेक गोष्ट पुसली. शेवटी शिळेवर एक मिशाळ, पट्टेदार गृहस्थ उरला. समितीने टाळ्या वाजवल्या.

ठरल्या दिवशी सकाळी हिमआजोबा वेशीवर आले. सोबत नात, पाठीवर पोतं. वेशीवर गवा उभा होता. त्याने एकदा आजोबांकडे पाहिलं, एकदा चित्राकडे.

"आपण कोण?"

"मी हिमआजोबा."

"शक्यच नाही. हिमआजोबा हे असे दिसतात," गव्याने शिळेकडे शिंग केलं.

साळूबाई सुईला घेऊन धावत आल्या. पोत्याच्या तोंडातून एक लोकरी टोक बाहेर डोकावत होतं. त्यावर भोकं होती, बाळांनो! साळूबाईंचा जीव अगदी कासावीस झाला. त्यांनी काटा उचलला आणि शिळेवर पोतं काढायला वाकल्या.

"हां हां!" स्वागताला आलेला कोल्हा ओरडला. "मंजूर चित्राला हात लावायचा नाही. दुरुस्ती हवी असेल तर समिती बसावी लागेल. समिती आता चैत्रात बसेल."

"चैत्रात गोधडी घेऊन काय करू, लोणचं घालू?"

साळूबाईंनी चित्राकडे पाहिलं. मग आजोबांकडे पाहिलं. चित्र बदलायला समिती लागते. पाहुणा बदलायला कुठे काय लागतं?

"आजोबा," त्या हळूच म्हणाल्या, "राग मानू नका. जरा सरळ उभे राहा."

आजोबा मुळात स्वभावाने गरीब. ते सरळ उभे राहिले. साळूबाईंनी त्यांची दाढी अंगरख्यात खोचली, वर कोळशाच्या मिशा काढल्या आणि गेरूने अंगभर पट्टे ओढले. काठी नातीकडे दिली. गव्याने पुन्हा मान वर-खाली केली. "आता कसं! हेच ते. या, या, आजोबा. पोतं मात्र बाहेर. चित्रात नाही."

"आणि नात?"

"तीही नाही."

निदान गोधडी तेवढी आत येऊ द्या म्हणून साळूबाईंनी गयावया केली, पाया पडल्या. गवा ढिम्म. गोधडीही चित्रात नव्हती. नात पोतं घेऊन वेशीबाहेर बसली आणि हिमआजोबा रिकाम्या हातांनी आत गेले.

आत सत्काराची जय्यत तयारी होती. कोल्ह्याने तासभर भाषण केलं. 'दानशूर' हा शब्द त्याला इतका आवडला की तो पुन्हा पुन्हा म्हणाला. मग वाघमहाराजांनी आजोबांच्या हातात नारळ दिला आणि सुगरण पक्ष्यांनी विणलेली जाडजूड शाल त्यांच्या खांद्यावर घातली. ज्यांनी जन्म बर्फात काढला, त्यांना शाल! आजोबांना दरदरून घाम फुटला. पट्टे ओघळू लागले.

पहिल्या रांगेत सुई कुडकुडत होती. आजोबांनी तिला पाहिलं. ते व्यासपीठावरून उतरले, तिच्यापुढे मांडी घालून बसले आणि खांद्यावरची शाल काढली. मग बोटाने शालीला एक भोक पाडलं आणि त्यातून सुईचा एक काटा ओवला. मग दुसरं भोक, दुसरा काटा. सगळी सभा बघत राहिली. काम संपलं तेव्हा शालीची चाळण झाली होती आणि सुई उबेने पेंगत होती. साळूबाईंना रडूच आलं. त्या बिचाऱ्या उघड उघड रडल्या.

"सन्मानाच्या शालीला भोकं!" कोल्हा किंचाळला.

आजोबा आले तसे गेले. समिती मात्र चैत्रापर्यंत थांबली नाही. तिथल्या तिथे बसली. ठराव झाला, की पाहुण्याने हातांचा गैरवापर केला आहे, सबब पुढच्या वर्षीच्या चित्रात त्यांना हात असू नयेत.

साळूबाईंनी त्या वेळी आयुष्यात पहिल्यांदा साफ नकार दिला. "हात नसलेला आजोबा माझ्याच्याने रंगवला जायचा नाही," म्हणाल्या आणि पेंगणाऱ्या सुईला घेऊन घरी गेल्या.

काम माकडाला मिळालं. माकड भारी हुशार. त्याने हात तर वगळलेच, शिवाय कुणी न सांगता पायही वगळले. पाय नसले म्हणजे पाहुणा येण्याची भानगडच मिटली. समितीने ते चित्र एकमताने मंजूर केलं, आणि खाली सत्काराची तारीखही लिहून टाकली.

तात्पर्य: पाहुण्याने चित्रासारखं दिसावं, नारळ घ्यावा आणि निघावं. कुणाचं लेकरू कुडकुडतंय ते बघत बसू नये. त्यासाठी समिती आहे.