मुकादमांची एकच बॅग

मुकादमांनी ठरवलं, विमानात एकच बॅग न्यायची. दोघांत मिळून एक, आणि तीही हातातली. लेकीचं बाळंतपण तोंडावर आलं होतं. जावई गाडी घेऊन बाहेर थांबणार होते. उतरल्यावर फिरत्या पट्ट्यापाशी सामानाची वाट बघत ताटकळायला वेळ कुणाला होता?

"दोघांचं मावेल?" बायकोने विचारलं.

"मी अख्खी घरं ट्रकात बसवलीत."

(खरंच बसवली होती. लोक घर बदलत आणि मुकादम त्यांचा संसार असा रचत, की मुंगीलाही शिरायला वाट राहू नये.)

त्यांनी बुटांत मोजे कोंबले, मोज्यांत बाळाची टोपडी, टोपड्यांत साबणाच्या वड्या. गुडघा देऊन चेन ओढली. बॅगेची वीट झाली.

विमानतळावर तपासणीचं यंत्र अडलं. पडद्यावर नुसता काळा ठोकळा.

"काका, आत काय आहे?" तपासणीवरच्या बाईंनी विचारलं.

"सगळं."

"सगळं म्हणजे?"

"नाव घ्या, आत आहे."

"चाकू?"

बायकोने कपाळाला हात लावला. "बाई, त्यांना असं विचारू नका. अभिमानापोटी हो म्हणतील."

बाईंनी चेन उघडली. दबून बसलेला संसार असा उसळला, की एक टोपडं शेजारच्या ट्रेमध्ये जाऊन पडलं. गैर काहीच सापडलं नाही, पण बॅग आता मिटेना. मुकादमांनी बाह्या सरसावल्या, जमिनीवर बैठक मारली आणि तळापासून रचायला घेतलं.

"अहो, विमान सुटतंय."

"रचनेला वेळ लागतो."

"मग लेकीलाही कळवा, दम धर म्हणून."

बायकोने सामानातली चादर अंथरली, सगळं तिच्यात लोटलं, चार टोकांची गाठ मारली आणि चालू लागली. मुकादम रिकामी बॅग घेऊन मागून धावले.

आत शिरणारे ते शेवटचे. वरचे कप्पे भरलेले. गाठोडं मऊ होतं, सीटखाली मुकाट गेलं. बॅग कडक पाठीची, ती काही जाईना.

"ही खाली, मोठ्या सामानात टाकावी लागेल," हवाई सुंदरी म्हणाली. "आत काही नाजूक आहे?"

"काही नाही," मुकादम हळूच म्हणाले.

विमान उतरलं आणि जावयाचा फोन आला. लेकीला दवाखान्यात आत नेलं होतं, ते गाडी घेऊन बाहेर उभे होते.

"चला," बायको म्हणाली.

"बॅग यायचीय."

"रिकामी आहे ती."

"मुकादम सामान टाकून जात नाही."

"मग बसा," म्हणून ती गाठोडं घेऊन निघून गेली.

तास उलटला, जगाचं सामान आलं, मग बॅग आली. मुकादमांनी पाय रोवले, कंबर सांभाळली आणि जन्मभराच्या सवयीने पुऱ्या ताकदीने ती उचलली. बॅग थेट डोक्यावरून गेली आणि मुकादम जमिनीवर बसले.

तेवढ्यात फोन वाजला.

"नात झाली," बायको म्हणाली. "मी घेतलंय तिला. तुम्ही काय करताय?"

"सामान घेतोय."

एक तरुणी धावत आली. "काका, फार जड आहे का? मी धरू?"

मुकादमांनी बॅगेकडे पाहिलं.

"जड आहे," ते म्हणाले. "तुला झेपणार नाही."