कपाटावरचा बेडूक

कोणत्याही वस्तूला सर्वांत मोठा धोका असतो तो तिच्या मालकापासून. चोर एकदाच नेतो. मालक रोज वापरतो. हे सत्य ओळखूनच 'सांगली-सातारा जुने जपानी संगणक-खेळ संग्राहक मंडळ' स्थापन झालं. सभासद सात (पैकी दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे बैठका शांततेत पार पडतात). चाळीसएक वर्षांपूर्वी जपानात घरोघरी टीव्हीला जोडायचे छोटे संगणक असत. त्यांच्या खेळांच्या कॅसेटी खोक्यासकट मिळवणं, जपणं आणि त्यांना दहापैकी गुण देणं हे मंडळाचं कार्य. खेळणं हे मंडळाचं कार्य नाही.

गुण देण्याची पद्धत एकदम शास्त्रीय. खोक्यावरचं मूळ प्लास्टिक शाबूत असेल तर दहा. प्लास्टिक गेलं असेल तर सहा. खेळ कुणी खेळलेला असेल तर दोन. आणि आतल्या पुस्तिकेवर कुणी पेनानं नाव लिहिलं असेल तर शून्य, कारण तो कुणालातरी आनंद झाल्याचा लेखी पुरावा असतो.

गुण देण्याचा अंतिम अधिकार शिरवळच्या पृथ्वीराजरावांना. तिथल्या एका कारखान्यात बारा वर्षं जपानी यंत्रावर काम केल्यामुळे त्यांना जपानीतलं 'धोका', 'तेल घाला' आणि 'हात बाहेर ठेवा' एवढं अस्खलित वाचता येतं. खोक्यावर यांपैकी काही लिहिलेलं नसलं की ते खेळ अस्सल मानतात.

आता आपला वीरधवल. कुपवाडात लेथ चालवणारा सरळ माणूस. त्याच्याकडे एकच खेळ होता. खोक्यावर तलवार घेतलेला बेडूक. नाव कुणाला वाचता येईना म्हणून मंडळाच्या दप्तरी 'बेडूक' अशीच नोंद. प्लास्टिक चाळीस वर्षं जसंच्या तसं. तीन वर्षांपूर्वी वीरधवलनं तो मिळवला, कपाटावर ठेवला आणि नंतर त्याला बोट लावलं नाही. सकाळी अंघोळ झाली की आधी देवांना आणि मग डोळे मिटून, खालूनच, कपाटावरच्या बेडकाला नमस्कार (देवांना निदान रोज पुसलं तरी जायचं).

वीरधवलला जन्मात कशातच पैकीच्या पैकी मिळालेले नव्हते. दहावीत गणितानं दगा दिला, सैन्यभरतीत छाती एक सेंटिमीटर कमी भरली. पण येत्या रविवारी पृथ्वीराजराव येऊन बेडकाला दहा देणार होते, सही-शिक्क्यानिशी. ते दहा आपल्यालाच मिळणार असं धरून गडी आठवडाभर हवेत होता. गुरुवारी तो स्टुलावर चढला, तर कपाटावर धुळीत नुसता चौकोन.

"आई, हितला डबा कुठाय गं?"

"आक्काच्या नातीच्या लग्नात दिला की, कोरेगावला," रंगूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "आता म्हैना झाला."

"अगं, पण मला न विचारता?"

"त्यात काय इचारायचं? तीन वर्सं पॅकबंद डबा कपाटावर हाय. तू उगडत न्हाईस, वापरत न्हाईस. असला डबा आहेराचाच असतोय की रं."

असल्या युक्तिवादाची तरतूद कुठल्या कायद्यात नाही. मंडळाच्या घटनेतही नाही. वीरधवल स्टुलावरून खाली उतरला. त्याच्या डोळ्यांसमोर कुणीतरी नवरदेव ते प्लास्टिक टराटरा फाडत होता.

पण रंगूबाईंनी फोन लावायला घेतले, आणि वीस मिनिटांत बेडकाची सगळी वाट समजली. नवरीच्या आईनं तो तासगावच्या वास्तुशांतीला दिला. तिथून तो विट्याच्या बारशाला गेला, तिथून कऱ्हाडला एका सुभेदारसाहेबांच्या निवृत्तीला. अडतीस दिवस, चार घरं, आणि कुणी म्हणजे कुणीही तो उघडला नव्हता! उलट प्रत्येकानं वरून नवा चमकीचा कागद चढवलेला. वीरधवलला गहिवरून आलं. मंडळाला हातमोजे घालून जे जमत नव्हतं, ते ही माणसं हसतखेळत करत होती. (या दोन जिल्ह्यांत आहेराचे डबे उघडले जाण्याचं प्रमाण मंडळाच्या अंदाजानं शेकडा चार. त्यात हातून पडून फुटलेलेही धरले आहेत.)

कऱ्हाडला मात्र सुभेदारीणबाई फोनवर जरा घुटमळल्या. चारशे माणसांच्या चपात्या लाटायला कोरेगावची धोंडुबाई आली होती. जाताना तिच्या हातात काहीतरी द्यायला हवं होतं, म्हणून त्यांनी तो डबा दिला.

मंडळाचा सचिव झिशान कोरेगावातच टीव्ही दुरुस्त करतो. शुक्रवारी सुट्टी टाकून वीरधवल त्याच्याकडे गेला आणि दोघं धोंडुबाईच्या दारात जाऊन उभे राहिले. म्हातारी उंबऱ्यात बसून मशेरी लावत होती. मशेरी बेडकाच्या खोक्यात होती.

"मावशी," वीरधवल खोक्याकडे बघत म्हणाला, "उगडला व्हय हो?"

"उगडणार न्हाई तर? मला दिला व्हता न्हवं?" धोंडुबाई म्हणाली. "सत्तर वर्सांत मला कुणी कागदात गुंडाळून काय दिलं न्हवतं बाबा. तासभर नुसता कागदच बगत बसले. मग उगडला."

तिचा चेहरा असा काही उजळला होता, की वीरधवलला रडूही येईना. आत भिंतीवर खेळाबरोबरचा मोठा रंगीत नकाशा पिठाच्या खळीनं चिकटवलेला होता.

"ह्यो बेंडूक हितनं निगतोय," ती बोट फिरवत म्हणाली. "ह्या पुलाखालनं गेला तर सुटतोय. मी रोज बगती की. ही काळी वडी तेवढी कशाची काय कळंना."

काळी वडी म्हणजे कॅसेट. झिशानच्या दुकानात एक जपानी संगणक होता, धूळ पुसण्यापुरता. झिशान वीरधवलकडे बघेना, वीरधवल झिशानकडे. दुपारी दोनला धोंडुबाईला दुकानात नेऊन त्यांनी वडी यंत्रात घातली.

बेडूक उड्या मारू लागला. धोंडुबाई मागं स्टुलावर बसून ओरडत होती, "पुलाखालनं, पुलाखालनं! आरं मुडद्या, वर कशाला चडलास?" बेडूक सतरा वेळा मेला. वीरधवल इतका हसला की पोटात कळ आली. दिवेलागणीला बेडूक सुटला, तेव्हा झिशाननं पुस्तिकेच्या पहिल्या पानावर पेनानं ठळक लिहिलं: 'धोंडुबाई, कोरेगाव. जिंकल्या.'

रविवारी पृथ्वीराजरावांनी धोंडुबाईकडून मागून आणलेल्या खोक्याची भिंगातून तपासणी केली. प्लास्टिक नाही. खोक्याला मशेरीचा वास. पुस्तिकेवर लेखी पुरावा. शून्य. वीरधवल आणि झिशान यांचं सभासदत्व 'समाधान झाल्याच्या कारणावरून' एकमतानं रद्द झालं (न बोलणारे दोघेही या वेळी बोलले). वीरधवलनं शिक्का मारलेला शून्याचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि तो सरळ कोरेगावला गेला. बेडकाचा दुसरा टप्पा बाकी होता, आणि नकाशा धोंडुबाईच्या भिंतीवर होता.

राहता राहिला रिकाम्या झालेल्या दोन जागांचा प्रश्न. मंडळानं त्यासाठी जाहिरात दिलेली नाही, अर्जही मागवलेले नाहीत. तुम्ही फक्त मान वर करून आपल्या कपाटावर बघा. तो लेमन सेट, ते भिंतीवरचं घड्याळ, आणि धाकट्या भावानं पहिल्या पगारातून आणलेलं ते काहीतरी, काय ते तुम्हाला अजून माहीत नाही. अभिनंदन! तुम्हाला दहापैकी दहा.